चुकलेला कॉल पुसायचा नाही

शेअर दलालाच्या ऑफिसात मी नोकरीला लागले तेव्हा पहिली अडचण माझ्या नावाची झाली. मंदाकिनी. जळोचीत घरीदारी सगळे मला मंदाच म्हणत. आमचे मालक विलासराव यांनी अर्ज वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "धंदा तेजीवर चालतो हो आमचा. गिऱ्हाइकासमोर तुम्हाला हाक काय मारायची?" शेवटी 'मॅडम'वर तडजोड झाली. पण खरं नाव बाहेर पडायला आठवडासुद्धा लागला नाही. बाजार पडला की दारातूनच आवाज यायचा, "मंदाताई, आज तुमचा दिवस!"

आमचं ऑफिस बारामतीत. मुंबईच्या एका मोठ्या दलाल कंपनीची विलासरावांनी घेतलेली एजन्सी. दोन कॉम्प्युटर, भिंतीवर टीव्ही, समोर एक लांब बाकडं आणि दाराशेजारी पांढरा बोर्ड. गिऱ्हाइकानं सांगितलं की बटण दाबून शेअर घ्यायचा किंवा विकायचा, हे माझं काम. नफा होवो की तोटा, आमची दलाली दोन्हीकडून सुटायची. हे गिऱ्हाइकांना माहीत असायचं, पण ते मनाला लावून घेत नसत.

कॉल म्हणजे काय ते आधी सांगते. रोज सकाळी मुंबईच्या तज्ज्ञांकडून निरोप यायचा. अमुक शेअर शंभर रुपयांना घ्या. एकशे सहाला विका, ते टार्गेट. पण खाली सत्त्याण्णवला आला तर मुकाट्यानं तोटा सोसून बाहेर पडा, तो स्टॉपलॉस. सगळा मामला चार-आठ दिवसांचा. एवढं साधं आहे. अवघड जातं ते फक्त शेवटचं, मुकाट्यानं बाहेर पडणं. आमच्याकडचा कुणीही तोटा सोसून बाहेर पडत नसे. चार दिवसांसाठी घेतलेला शेअर पडला, की "राहू द्या, पोरीच्या लग्नाला होईल" असं म्हणून लोक तो ठेवून द्यायचे. अशा कितीतरी पोरींची लग्नं होऊन त्यांची पोरं शाळेत जायला लागली, शेअर आहे तिथंच आहे.

बोर्डावर विलासराव फक्त लागलेले कॉल लिहायला लावायचे. लाल मार्करनं, ठळक. 'कालचं टार्गेट पूर्ण!' आणि पुढं आणखी दोन उद्गारचिन्हं.

एकदा निरवांगीचे तात्या बाकड्यावर बसले होते. तात्या डाळिंबाचे बागायतदार. उंचेपुरे, मिशा राखलेल्या, आवाज असा की आमचा टीव्ही बंद ठेवला तरी चालावा. चहाचा कप हातात घेऊन ते बराच वेळ बोर्ड बघत होते. मग म्हणाले, "ताई, काल कॉल दोन दिलं हुतं न्हवं? एकाचं टार्गेट झालं. मग दुसरा कुठं गेला?"

दुसरा पडला होता. तात्यांनी तोच घेतला होता.

मी विलासरावांना विचारलं, की आपण दोन्ही का लिहीत नाही? ते हसले. "मॅडम, लग्नाच्या अल्बमात रुसलेल्या जावयाचा फोटो लावतं का कुणी?"

पण बाजारच माझ्या मदतीला आला. काही दिवस अशी तेजी लागली, की मुंबईचे सगळे कॉल लागायला लागले. विलासराव खुशीत येऊन म्हणाले, "लिहा मॅडम! सगळे लिहा! पाहू द्या लोकांना!" मी बोर्डावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या. सकाळी बाजार उघडायच्या आधी कॉल लिहायचा, मुदत संपली की शेजारी 'बरोबर' नाहीतर 'चूक'. महिनाभर काही पुसायचं नाही. विलासरावांनी रेघा मारताना पट्टी धरली.

तेजी संपली आणि बोर्डावर 'चूक' यायला लागलं. आता पुसायची सोय राहिली नव्हती, कारण बाकड्यावरची मंडळी टीव्ही सोडून बोर्डच बघायला लागली होती. मग विलासरावांची माझ्याशी घासाघीस सुरू झाली.

"मॅडम, टार्गेट पाचशे वीस होतं, शेअर पाचशे एकोणीसपर्यंत गेला. एका रुपयासाठी 'चूक'?"

"एका मार्कानं नापास झालेल्याला आपण पास म्हणतो का?"

"अहो, बोर्डसुद्धा ग्रेस मार्क देतं!"

"आपलं बोर्ड देत नाही," मी म्हटलं.

असा हिशेब प्रामाणिकपणे ठेवायचा म्हणजे काय, हे मला त्या घासाघिशीतून कळत गेलं. एकाच दिवशी शेअर आधी स्टॉपलॉसला आला आणि दुपारी टार्गेटला गेला, तर ते 'चूक'च, कारण शहाणा माणूस सकाळीच बाहेर पडलेला असणार. शेअर उघडतानाच कॉलच्या भावापेक्षा वर उघडला, तर तो कॉल कुणाला मिळालाच नाही, मग तो 'बरोबर'मध्ये धरता येत नाही. मुदत संपल्यावर टार्गेट आलं तरी उपयोग नाही. एवढं सगळं पाळून वर्षाकाठी बघितलं, तर मुंबईच्या तज्ज्ञांचं निम्म्याच्या आसपास बरोबर यायचं. निम्म्याच्या जरा खालीच.

काटेवाडीचे एक दूधवाले आबा होते. त्यांनी बोर्डाचा अभ्यास केला आणि ठरवलं, की आपण सगळं उलटं करायचं. बोर्ड घ्या म्हणाला की विकायचं. मोठ्या उमेदीनं त्यांनी हा उद्योग केला आणि एक दिवस येऊन बाकड्यावर धपकन बसले. "ताई, ह्ये लई अवघड हाय. उलटं करून बी सुलटं हुईना."

याच सुमारास इंदापुरात प्रवीणसर उगवले. उगवले म्हणजे क्लास काढला. शेअर बाजार शिकवायचे आणि फोनवरच्या ग्रुपात कॉल द्यायचे. ग्रुपची फी होती. गोरे, हसतमुख, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधासारखं. शंभरातले नव्वद कॉल लागतात असं ते सांगत आणि आमची गिऱ्हाइकं ते मान डोलावून ऐकत. आमच्या बाकड्यावर जागा दिसायला लागली. विलासराव बोर्डाकडे बघून उसासे टाकायचे. "आपण निम्मे सांगतो, तो नव्वद सांगतो. मॅडम, तुम्हीच सांगा, तुम्ही कुठं गेला असता?"

तात्याही तिकडे गेले. अधूनमधून चहाला यायचे, पण जीव तिकडं.

मग एक दिवस त्यांच्या पत्नी, आक्का, एकट्याच ऑफिसात आल्या. बारामतीला दवाखान्याचं काम होतं, तिथून सरळ आल्या होत्या. हातातली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत.

"ताई, बागंत तेल्या रोग आलाय. निम्मी झाडं गेली. मी म्हंते, झाडं काढू आन् नवी बाग लावू. आमचं ह्ये म्हंत्यात, शेतीच वाट्यानं द्यायची. बागंचं जे पैसं हायत ते सरांच्या कॉलवर लावायचं. म्हंत्यात, मी आता ट्रेडर झालो."

तात्यांना शर्ट खोचून कॉम्प्युटरसमोर बसलेलं डोळ्यापुढं आणून बघितलं, पण ते काही जमेना.

"सरांचं नव्वद खरं हुतं म्हंत्यात. खरं हाय का त्ये?"

"मला नाही माहीत, आक्का."

आक्कांनी बोर्डाकडे बोट केलं. "त्या फळीवर तुमचं लिवलंय न्हवं, बरुबर किती, चूक किती? मग त्येंचं बी लिवा की."

"सर मला कशाला कॉल सांगतील?"

"सर न्हाय सांगायचं. ह्ये सांगतील. ह्येंच्या पोटात काय ऱ्हातंय का?"

त्यांनी घरी जाऊन तात्यांशी सौदा केला. नव्या बागेची लागण करायची वेळ येईपर्यंत एक रुपया लावायचा नाही. तोवर सरांचा कॉल आला की त्याच घडीला ताईंना पाठवायचा. नव्वद खरे निघाले तर शेती वाट्यानं द्यायला आक्का तयार होत्या. तात्यांना तर हसूच आलं. मला फोन करून म्हणाले, "ताई, पेन नवा घ्या. लई 'बरुबर' लिवावं लागनार हाय."

सरांचे कॉल आमच्या बोर्डावर लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते मी कॉम्प्युटरवर वेगळे ठेवले. नियम तेच, मुंबईच्या तज्ज्ञांना लावलेले. तात्या कामाचे चोख. कॉल आला की मिनिटात माझ्याकडे. आणि मग काही दिवसांनी एक गंमत दिसायला लागली. बाजार बंद झाला, की ग्रुपातले काही मेसेज नाहीसे व्हायचे.

"ताई, सरांनी सकाळचा मेसेज मागं घेतला. चुकून पडला असंल," तात्या फोनवर म्हणाले.

"तो शेअर आज आपटला, तात्या."

"व्हय का? मग बरं झालं की. सरांना आधीच कळलं असंल."

"बाजार बंद झाल्यावर?"

तात्या म्हणाले, "माणूस कामात असतोय, ताई." तात्यांची एखाद्यावर श्रद्धा बसली, की ती अशी सहजासहजी हलत नसे.

लागणीचे दिवस जवळ आले तेव्हा सरांनी इंदापुरात ग्रुपचा मेळावा ठेवला. हॉल, स्टेज, हारतुरे, जेवण. जुने सभासद म्हणून तात्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. तात्या आदल्या दिवशी ऑफिसात हजर. "ताई, सरांचा समदा हिशेब कागदावर काढून द्या. पुराव्यानिशी बोलतो."

मी कागद काढून दिला. शेवटची ओळ बोटानं दाखवली. तात्यांनी ती वाचली, मान डोलावली आणि प्रसन्न चेहऱ्यानं घडी घालून खिशात ठेवली. त्यांना त्यात वाईट काहीच दिसलं नव्हतं. मी समजावून सांगायला हवं होतं की काय, कोण जाणे. पण कागदात खोटं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला हसू दाबता येत नव्हतं.

मेळाव्याला आक्कांनी मलाही बोलावलं. विलासरावही आले, म्हणाले, शेजाऱ्याचं दुकान बघायला काय हरकत आहे? आम्ही तिघं तिसऱ्या रांगेत बसलो. सरांना शाल घातली गेली. दोघं-तिघं बोलले. सरांमुळे आयुष्य बदललं, वगैरे. मग तात्या उठले, माइक बाजूला सारला, कारण त्याची गरज नव्हती, आणि कागद उघडला.

"नमस्कार मंडळी. मी निरवांगीचा. बोलायची सवय न्हाय, म्हणून कागूद आणलाय. बाकीच्यांनी नुसतं तोंडानं सांगितलं. माझ्याकडं पुरावा हाय. बारामतीच्या मंदाताईंनी सरांचा एकूण एक कॉल लिवलाय, मागं घेतलेला बी सोडला न्हाय. आन् मंडळी, सरांचं निम्म्याला निम्मं बरुबर आलंय!"

आणि टाळ्यांची वाट बघत थांबले.

एकही टाळी पडली नाही. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण कुणीतरी विसरून गेल्यासारखं. तात्यांना वाटलं, लोकांना समजलं नाही. त्यांनी आवाज चढवला.

"आवो, निम्मं म्हंजी काय चेष्टा हाय का? माझ्या बागंतली निम्मी फळं एक्स्पोर्टला लागली तर मी गावजेवण घालीन!"

मागून कुणीतरी विचारलं, "आन् ऱ्हायलेली निम्मी कुठं गेली?"

"ती बी हायत की हितं. वाचू का?"

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी वाचायला सुरुवात केली. एकेक शेअर, एकेक तारीख, पुढं 'चूक'. कौतुकाच्या आवाजात, सत्यनारायणाच्या पूजेत वर्गणीदारांची नावं वाचावीत तसं. लोक आधी चुळबुळले, मग हसायला लागले, मग आपापले फोन काढून जुने मेसेज शोधायला लागले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक जण उठला. "ही लिवणारी बाई कोण? तिच्या ऑफिसचं किती बरुबर येतंय त्ये बी कळू द्या."

"त्या काय, हितंच बसल्यात," तात्यांनी उत्साहानं मला दाखवलं.

मी उठले. विलासराव मान वर न करता पुटपुटले, "मॅडम, साधारण सांगा. साधारण."

नोकरी जाणार असं मला त्या क्षणी स्वच्छ वाटलं. पण सरांचा हिशेब भरल्या हॉलमध्ये वाचला गेला होता, आणि आपला झाकायचा हे मला जमेना. "आमचंही निम्मंच," मी म्हटलं. "काही महिने त्याहून कमी. आणि दर व्यवहाराला आमची दलाली जाते, ती धरली तर निम्मं बरोबर येऊनही हातात…"

विलासरावांना खोकल्याची मोठी उबळ आली. पण मी वाक्य पुरं केलं.

सूत्रसंचालकानं घाईघाईनं जेवणाची घोषणा केली. मसालेभाताचा वास येत होता, त्यामुळे हॉल पटकन रिकामा झाला. प्रवीणसर मात्र खाली उतरून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. शाल खांद्यावरच होती. त्यांनी तात्यांकडून कागद मागून घेतला. मी जवळ गेले तेव्हा त्यांचं बोट एका ओळीवर होतं.

"हा कॉल मी दिला होता?"

"हो सर."

"मला आठवतच नाही."

मला वाटलं होतं, चिडतील, नाहीतर काही सारवासारव करतील. ते पुढच्या ओळीवर गेले. "हासुद्धा? आणि हा?" मग कागद मांडीवर ठेवून म्हणाले, "मॅडम, खरं सांगतो, मला वाटायचं माझे नव्वद लागतात. चुकलेला ग्रुपात दिसला की लोक अस्वस्थ होतात, म्हणून काढून टाकायचो. नंतर तो माझ्याही डोक्यातून जायचा."

"मला आमच्या ऑफिसचे कुठं आठवत होते? लिहायला लागले तेव्हा कळलं," मी म्हटलं. त्यांना जेवायला चला म्हटलं, तर ते नको म्हणाले.

परतताना विलासराव इंदापुरातच पाहुण्यांकडे थांबले आणि मी तात्यांच्या पिकअपमध्ये बसले. तात्या गाडी चालवत होते, मधे आक्का, कडेला मी. तात्या दुखावले होते. "मी तर कौतुक केलं. लोक हसलं कशापायी? निम्मं कमी असतंय व्हय?"

आक्का शांतपणे म्हणाल्या, "बागंतली निम्मी झाडं मेली, तर तुमी बाग मोडाया निगाला. आन् तितं निम्मं मेलं, तर शाल घालाया गेला."

पिकअपचा वेग कमी झाला. जळोचीच्या फाट्यावर त्यांनी मला उतरवलं. आठवड्यानं आक्कांचा फोन आला. झाडं काढून झाली होती, खड्डे घेणं चाललं होतं, आणि ट्रेडरसाहेब उन्हात उभे राहून मजुरांवर ओरडत होते.

माझी नोकरी गेली नाही. उलट झालं. 'बारामतीत एक ऑफिस आहे, तिथं चुकलेलंही लिहितात' अशी बातमी पसरली आणि नवीन माणसं खाती उघडायला यायला लागली. विलासरावांनी लगेच दारावर फलक लावला, 'चुकासुद्धा लिहिणारे विश्वासाचे ठिकाण'. बोर्ड आधी दाराशेजारी होता, तो आता समोरच्या भिंतीवर मधोमध आला आणि त्याच्यावर दिवा बसला.

यात मला एक गोष्ट अजून खुपते. लोक यायचे, बोर्ड नीट वाचायचे, निम्मे कॉल चुकतात हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे, समाधानानं मान हलवायचे आणि माझ्यापुढं येऊन विचारायचे, "मग आज काय घ्यायचं?" मी बोर्डाकडे बोट दाखवायची. ते म्हणायचे, "व्हय व्हय, वाचलं. लई प्रामाणिक काम हाय तुमचं. आज काय घ्यायचं?" लोकांनी थांबून विचार करावा म्हणून मी ते लिहीत होते, आणि त्याचीच जाहिरात झाली. त्यावर विश्वास टाकून आलेल्यांपैकी कोण काय गमावून गेलं, त्यासाठी बोर्डावर रेघ नव्हती. काही चेहरे मला आठवतात. एक निवृत्त शिक्षक यायचे, मग यायचे बंद झाले. रस्त्यात भेटले की ओळख दाखवायचे, पण बाजाराचा विषय काढायचे नाहीत. मीही काढला नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. प्रवीणसरांनी फीवाला ग्रुप मेळाव्यानंतर लवकरच बंद केला होता. असे सल्ले द्यायला सरकारदरबारी नोंदणी लागते, ती त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी परीक्षा दिली, एकदा नापास झाले, पुन्हा दिली आणि रीतसर नोंदणी करून घेतली. आता त्यांचे सभासद थोडे आहेत. मलाही ते रोज सकाळी कॉल पाठवतात आणि मुदत संपली की त्याच्याच खाली निकाल. मेसेज मागं घेत नाहीत. मी एक पैसा लावत नाही, पण वाचते. इतक्या वर्षांची खोड आहे.

तात्यांची नवी बाग आता फळं धरायला लागली आहे. आक्कांनी त्यांना मर्यादा घालून दिली आहे, त्यात ते थोडं थोडं खेळतात आणि मला फोन करून लागलेले कॉल सांगतात. चुकलेले मी विचारते.

परवा सकाळी सरांचा मेसेज आला, 'आज बाजाराचं मला काही कळत नाही. आज कॉल नाही.'

मी तो दोनदा वाचला. सगळ्या नोकरीत मुंबईच्या तज्ज्ञांपासून बाकड्यावरच्या मंडळींपर्यंत हे वाक्य मी एकाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. एवढ्यात फोन वाजला. तात्या होते, आवाज काळजीचा.

"ताई, सरांनी आज काय बी दिलं न्हाय. आजारी हायत का?"

"नाही तात्या," मी म्हटलं, "बरे झालेत."